मरणाला सातबारा लागत नाही

३ मे २००२ च्या पत्राने आपल्या सगळ्यांची झोप उडवली होती. दिल्लीच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने राज्यांना कळवले, वनजमिनीवरची अपात्र अतिक्रमणे ३० सप्टेंबरच्या आत काढा. तेव्हा मालेगाव घ्या, मानोरा घ्या, मंगरुळपीर घ्या, बैठक कुठेही असली तरी विषय एकच होता, जबरानजोत. तो तसाच असायला पाहिजे होता. तरी या अंकात आम्ही जरा वेगळ्या गोष्टीवर लिहीत आहोत. वाचून झाल्यावर ध्यानात येईल की ती तितकी वेगळी नाही.

पावसाळा लागला की आपल्या गावांत विजेने माणसं मरतात. तार झोल खाऊन वावरात खाली येते. वाऱ्याने खांब वाकतो. डीपीचं झाकण कधीचंच गेलेलं असतं. ताणाच्या तारेत करंट उतरतो. मग सकाळी बैल सोडायला गेलेला गडी जातो, काड्या वेचायला गेलेली बाई जाते, बकऱ्यांमागचं पोरगं जातं. बहुतेक वेळा तक्रार आधीच केलेली असते. वायरमन म्हणालेला असतो, "सामान नाही आलं." माणूस मेल्यावर दुसऱ्या दिवशी सामान येते, तार ताणली जाते, आणि काल ती किती खाली होती हे दाखवायला काहीच उरत नाही.

पुढचेही ठरलेले आहे. गाव जमतं, बाया रडतात. कोणी म्हातारा म्हणतो, "नशिबात होतं बावा." कोणी म्हणतं पोलिसांत कशाला जाता, प्रेत फाडतील. संध्याकाळच्या आत माती दिली जाते. दोन दिवसांनी एखादा साहेब, एखादा ठेकेदार किंवा गावातलाच पुढारी येतो. हातात काही हजार रुपये आणि एक लिहिलेला कागद. "वहिनी, इथं अंगठा द्या, पैसे लवकर भेटतील." वहिनीच्या डोळ्यांत पाणी, पदराशी तीन लेकरं, तेराव्याचा खर्च समोर. ती अंगठा देते. कागदावर काय लिहिले होते ते तिला कोणी वाचून दाखवत नाही. त्यात लिहिलेले असते की मयत स्वतःच्या चुकीने मेला, कोणाबद्दल तक्रार नाही, आणि यापुढे काहीही मागणार नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत यात आणखी एक भीती मिसळते. मरण जबरानजोतीच्या तुकड्यावर झालेले असेल, तर घरचे लोक जागाच लपवतात. पोलिस आले तर विचारतील, इथे काय करत होता? वनरक्षक म्हणेल, ही जमीन कोणाची? प्रेतावरूनच अतिक्रमणाची केस होईल. म्हणून प्रेत उचलून घरी आणतात, नाही तर रस्त्यावर ठेवतात. आंधांच्या वाडीत हे होते, पारध्यांच्या बेड्यावर होते, बंजाऱ्यांच्या तांड्यातही होते. आणि इथेच दावा मरतो. कारण घटना जिथे घडली तिथली तार, तिथली राख, तिथला खांब हाच पुरावा असतो, आणि तोच आपण आपल्या हाताने पुसून टाकतो.

या अंकात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. माणूस कोणाच्याही जमिनीवर उभा असो, दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने मेला तर त्याच्या बायकापोरांना भरपाई मागण्याचा हक्क आहे. त्या हक्काला सातबारा लागत नाही, आठ-अ लागत नाही, पट्टा लागत नाही. साहेबाने आणून दिलेले पैसे ही मदत. भरपाई वेगळी. मदत त्याच्या मर्जीची, भरपाई आपल्या हक्काची.

११ जानेवारी २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. तो प्रत्येक गाव समितीने समजून घ्यावा. खटला मध्य प्रदेशातला. कारखान्यातला एक कामगार, वय ३७, २३ ऑगस्ट १९९७ च्या रात्री कामावरून सायकलने घरी चालला होता. पाऊस झालेला, रस्त्यावर पाणी साचलेले. पाण्यात पडलेली जिवंत तार त्याला दिसली नाही. सायकल तारेवर गेली आणि तो जागीच गेला. घरच्यांनी मध्य प्रदेश वीज मंडळावर दावा केला.

मंडळाने काय सांगितले? आमची चूक नाही. कोणी एकाने मेन लाईनवर आकडा टाकून वीज चोरली होती, त्याचीच तार सुटून रस्त्यावर पडली, त्याला पकडा.

वाचताना ओळखीचे वाटले ना? आपल्याकडेही पहिले वाक्य हेच असते, "आकडा टाकला असेल." मेलेल्याचे तोंड बंद असते, त्यामुळे त्याच्यावर काहीही ढकलता येते.

न्यायालयाने हे म्हणणे मानले नाही. त्याचा साधा अर्थ असा: वीज ही जात्याच धोक्याची वस्तू आहे. जो ती तारांतून लोकांच्या डोक्यावरून नेतो, त्याने ती बाहेर पडून कोणाचा जीव घेणार नाही हे पाहायचे. कोणी आकडा टाकील हेही त्यालाच आधी ओळखायचे आणि अडवायचे आहे. त्याने काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्नच मागे पडतो. त्याच्या तारेने माणूस मेला, तर भरपाई त्याच्याकडून. उच्च न्यायालयाने ४ लाख ३४ हजार रुपये द्यायला सांगितले होते, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. घटना १९९७ ची, शेवटचा निकाल २००२ चा. कोर्टाच्या हिशेबाने हे लवकरच म्हणायचे.

हा नियम काही काल निघालेला नाही. १८६८ मध्ये इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायपीठाने तो एका गिरणीवाल्याच्या प्रकरणात पक्का केला. त्याने गिरणीसाठी पाण्याचा तलाव बांधला, पाणी जुन्या भुयारांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. गिरणीवाला म्हणाला, मला त्या भुयारांची माहिती नव्हती. न्यायाधीश म्हणाले, धोक्याची वस्तू तू आपल्या जागेत आणून साठवलीस, सुटली तर नुकसान तुझ्या माथी. आपल्याकडे १९८४ च्या भोपाळनंतर आणि दिल्लीतल्या १९८५ च्या वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये धोक्याच्या कारखान्यांसाठी हा नियम आणखी कडक केला.

आता आकड्याबद्दल आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. आपल्या गावांत आकडे आहेत. कनेक्शन मागून मिळत नाही, मिळाले तर बिल झेपत नाही, ही कारणे खरी आहेत. पण मेलेल्या माणसाच्या स्वतःच्याच हातात आकड्याची काठी असेल, तर हा निकाल त्याच्या घरच्यांच्या कामी येईलच असे नाही. अशा वेळी काठी लपवून खोटा पंचनामा करू नका. एक खोटा दावा उघडा पडला की तालुक्यातले दहा खरे दावे त्याच्याबरोबर बुडतात. आणि काठी हातात नसेल, तर कोणी "आकडा असेल" म्हणाले म्हणून मान खाली घालू नका.

वीजवाल्यांनी पाळायचे नियम १९५६ पासून लिहून ठेवलेले आहेत. उघडी तार रस्ता सोडून इतर ठिकाणी जमिनीपासून ४.६ मीटर, म्हणजे पंधरा फुटांच्या वर पाहिजे. रस्ता ओलांडणारी त्याहून उंच, ५.८ मीटर. १९५६ च्या नियमांत हा नियम ७७ होता. त्यांतलाच नियम ९१ म्हणायचा, रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून जाणारी तार तुटली तर तिच्यातली वीज बंद पडेल अशी सोय लाईनला पाहिजे. म्हणजे तुटलेली तार जमिनीवर जिवंत पडून राहिली, यातच नियम मोडल्याची खूण आहे. आणि तेव्हाच्या नियम ४४-अ प्रमाणे माणूस किंवा जनावर दगावले तर विद्युत निरीक्षकाला कळवावे लागायचे, जीव गेला असेल तर २४ तासांच्या आत. जनावरही, हे ध्यानात ठेवा. बैल मेला म्हणजे नुसते हळहळून गप्प बसायचे नाही. हा निरीक्षक सरकारचा असतो, लाईनवाल्यांचा नोकर नसतो. त्याचा अहवाल दाव्यात फार कामाचा. आपणही त्याला वेगळा अर्ज टाकावा, तार पहिल्यासारखी ताणून होण्याच्या आधी.

आता दुसरा खटला. हा विजेचा नाही, दवाखान्याचा आहे, आणि तेव्हाच्या औरंगाबादचा आहे. नसबंदीच्या शिबिरांत आपल्या बाया गाडी भरभरून नेल्या जातात, म्हणून तो सांगणे भाग आहे.

१९६३ सालचा जुलै. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एक बाई १० तारखेला बाळंत झाली. १३ तारखेला तिची नसबंदीची शस्त्रक्रिया केली. ताप चढला, पोट दुखू लागले. १९ तारखेला दुसऱ्या डॉक्टरने पोट पुन्हा उघडले, तर आत रक्त टिपायचे फडके राहिलेले. पोटात पू झालेला. २४ जुलैला ती गेली. घरच्यांनी १ लाख ७५ हजारांचा दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार मंजूर केले. उच्च न्यायालयाने तेही काढून घेतले. शेवटी २० फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते ३६ हजार सरकारने व्याजासह द्यावेत असा निकाल दिला.

मोजा. १९६३ ते १९९६. तेहेतीस वर्षे. जन्मलेले बाळ तेहेतिशीला आले.

आम्ही हे लपवत नाही. दावा करा म्हणणे सोपे आहे, तो ओढणे अवघड आहे. या खटल्यातले कुटुंब शिकलेले, शहरातले होते, तरी एवढी वर्षे लागली. कोर्टाच्या पायऱ्या चढून चपला झिजतील, तारखेच्या दिवशी मजुरी बुडेल. हे माहीत असूनच उतरायचे. पण त्या कुटुंबाने तेहेतीस वर्षे ओढून जो रस्ता केला, तो आता आपल्याला आयता मिळालेला आहे. दोन गोष्टी त्या निकालाने पक्क्या केल्या. एक, सरकारी दवाखाना चालवणे हे राजाचे राज्य चालवण्यासारखे काम नव्हे, म्हणून "आम्ही सरकार आहोत, आमच्यावर दावा होत नाही" हे तिथे चालत नाही. दोन, फडके नेमके कोणत्या डॉक्टरने किंवा नर्सने विसरले हे घरच्यांनी सिद्ध करायची गरज नाही. पोटात फडके राहिले, हे काळजी न घेतल्याशिवाय होत नाही. माणसे सरकारची, जबाबदारी सरकारची.

हे दुसरे फार मोठे आहे. कारण आपल्याला नेहमी हेच विचारतात, "सांगा, कोणाची चूक? नाव सांगा." नाव आपल्याला कुठून माहीत असणार? दवाखान्यात आपल्याशी कोणी नाव सांगून बोलतो का?

आता करायचे काय. पहिले तीन दिवस सगळ्यांत महत्त्वाचे आहेत. पुढची तीन किंवा तेहेतीस वर्षे त्यांच्यावर उभी राहतात.

पोस्टमार्टम झाल्याशिवाय माती देऊ नका. प्रेत फाडणे आपल्या मनाला सोसत नाही, देवाधर्माची अडचण असते, जाणत्यांचा विरोध असतो. हे आम्हाला कळते, आम्हीही याच गावांतले आहोत. पण तो कागद नसेल तर माणूस विजेने मेला की साप चावून मेला की दारू पिऊन मेला, हे कोर्टात कोणीही काहीही म्हणू शकतो. गावच्या भगताशी, जाणत्यांशी हे आधीच बोलून ठेवा. प्रेत अंगणात असताना हा वाद नको.

पोलिस पाटलाला लगेच वर्दी द्यायला लावा. ठाण्यात मर्ग दाखल होतो, त्याचा नंबर लिहून घ्या. पंचनामा जागेवर झाला पाहिजे, ठाण्यात बसून नव्हे. पंच आपले ठेवा, लिहिता-वाचता येणारा एक तरी. सही करायच्या आधी मोठ्याने वाचायला सांगा. तार जमिनीपासून किती उंच होती, तुटलेली टोके कुठे पडली, खांबाचा नंबर काय, जमीन ओली होती का, अंगावर भाजल्याची खूण कुठे, हे त्यात आले पाहिजे. "स्वतःच्या चुकीने" किंवा "कोणावर संशय नाही" असे शब्द दिसले तर सही करू नका. हवालदार चिडेल, "तुम्हाला जास्त समजते का?" म्हणेल. चिडू द्या. आपण नरमाईनेच बोलायचे, पण ते शब्द काढल्याशिवाय सही नाही.

तालुक्याहून फोटोवाला आणा. पैसे गाव वर्गणीतून द्या, कारण त्या दिवशी त्या घराकडे पैसे नसतात. निगेटिव्ह समितीने जपून ठेवावी. आधी केलेल्या तक्रारीची प्रत असेल तर सोने समजा. म्हणूनच आम्ही नेहमी सांगतो की वायरमनला तोंडी सांगणे म्हणजे न सांगितल्यासारखेच.

मदतीचे पैसे आले तर घ्यावे की नाही? घ्यावे. उपाशी राहून लढाई होत नाही. पण पावतीवर एवढे लिहूनच अंगठा द्या: "ही रक्कम मदत म्हणून मिळाली, भरपाईचा हक्क राखून." हे लिहू देत नसतील तर समजा की कागदात काहीतरी आहे.

दावा कोण करू शकतो? १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा अजून चालू आहे. त्यात बायको, नवरा, आई-बाप आणि मुले यांच्यासाठी मिळून एकच दावा होतो. भाऊ-बहीण त्यात बसत नाहीत, म्हणून दीर किंवा पुतण्या "मी बघतो कोर्टाचं" म्हणून पुढे आला तरी नाव बायकापोरांचेच पाहिजे. मरणापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. दोन वर्षे मोठी वाटतात, पण एक हंगाम दुःखात जातो, एक कर्जात जातो, आणि मुदत गेलेली असते. ज्यांच्यावर दावा करायचा ते खुद्द सरकार असेल, म्हणजे दवाखाना, रस्ते खाते, वनखाते, तर आधी दिवाणी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. शेवटच्या आठवड्यात वकिलाकडे धावू नका.

वकिलाच्या फीची भीती सगळ्यांना. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला, अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोर्टफीही तिथूनच भरतात. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करायचा. आंधांच्या कित्येक घरांत जातीचा दाखला नाही, तो काढायला वर्ष जाते. दावा करणारी विधवा असेल तर दाखल्याची वाट पाहायची गरज नाही, ती बाई आहे एवढे पुरे. बंजारा बहिणींनाही हेच लागू. फुकटचा वकील लक्ष देत नाही अशी तक्रार येते, ती काही वेळा खरीही असते. म्हणून तारखेला समितीचा एक माणूस सोबत जायचाच, वकील फुकटचा असो की फीचा.

भरपाई कशी मोजतात हे माहीत असावे, नाही तर पाच हजारही जास्त वाटतात. माणूस वर्षाला किती कमावत होता ते धरतात, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा वजा करतात, आणि उरलेल्याला वयाप्रमाणे काही वर्षांनी गुणतात. मोटार कायद्याच्या २००२ मधल्या तक्त्यात तिशी ते पस्तिशीच्या माणसाला हा आकडा १७ होता, आणि दुसऱ्या दाव्यांतही वकील त्याचा आधार घ्यायचे. म्हणजे वर्षाला १५ हजार मजुरी धरली, ५ हजार वजा केले, उरले १० हजार, गुणिले १७, झाले १ लाख ७० हजार. आता आठवा, वहिनीच्या हातावर किती ठेवले होते.

पण कमाई दाखवायची कशी? आपल्याकडे पगारपत्रक नाही. रोजगार हमीचे हजेरीपत्रक आणि ओळखपत्र काढा. तेंदूपत्त्याच्या फडावर फडमुन्शी जे कार्ड देतो ते जपा. मोहफूल, डिंक, चारोळी ज्या दुकानदाराला घातली त्याची चिठ्ठी चालते. जबरानजोतीत काय पिकत होते त्याची साक्ष शेजारी देऊ शकतो. मेलेली बाई असेल तर समोरचा वकील विचारेल, "ती काय कमावत होती?" त्याला सांगा, तिच्याशिवाय घर एक दिवस चालवून दाखव. कायद्याच्या तेव्हाच्या तक्त्यातही बिनकमाईच्या माणसाचे वर्षाचे १५ हजार धरलेले होते. तेव्हा बाईच्या मरणाला काही किंमत नाही असे कोणाला म्हणू देऊ नका, घरातल्या माणसांनाही नाही.

तडजोडीबद्दल एक इशारा. भोपाळच्या वेळी सरकारने १९८५ मध्ये कायदा करून सगळ्या पीडितांचे दावे आपल्या हातात घेतले. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर मिटवून टाकले. ज्यांचे डोळे गेले, ज्यांची लेकरं गेली, त्यांना कोणी विचारले नव्हते. आपल्या गावात हेच छोट्या मापाने होते. पुढारी, ठेकेदार आणि साहेब चहाच्या टपरीवर रक्कम ठरवतात, आणि विधवेला नंतर कळते. तडजोड वाईटच असते असे नाही. तेहेतीस वर्षांपेक्षा दोन वर्षांत मिळालेली रास्त रक्कम बरी. पण ती बाई बैठकीत बसलेली पाहिजे, आकडा तिला समजलेला पाहिजे. लोकअदालतीत मिटवले तर तो निकाल शेवटचा, त्यावर अपील नाही, हेही तिला आधी सांगितले पाहिजे.

इतर प्रकारांबद्दल थोडक्यात, स्टेन्सिल संपत आली आहे. गाडीखाली माणूस आला तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो. २००२ मध्ये चूक कोणाची हे न पाहता मरणाला ५० हजार आणि कायमच्या अपंगत्वाला २५ हजार आधी मिळायचे, बाकीची लढाई पुढे. गाडी पळून गेली, नंबरच नाही, तरी मरणाला तेव्हा २५ हजारांची तरतूद होती. सुरुंग लावून विहीर खोदताना किंवा खदानीत मजूर मेला तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने मालक बांधलेला होता, २००२ मध्ये मरणाला कमीत कमी ८० हजार होते, मुदत दोन वर्षे होती. खाजगी डॉक्टरला पैसे देऊन उपचार घेतला आणि हलगर्जी झाली तर ग्राहक मंचात जाता येते, २००२ मध्ये तिथे कोर्टफी नव्हती. सरकारी फुकट दवाखान्याला मात्र ग्राहक मंच लागू नाही, तिथे दिवाणी कोर्टच. रानडुक्कर आणि बिबट्याचे नुकसान हा वेगळा विषय आहे, पुढच्या अंकात घेऊ.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सोडता येत नाही, कारण ती आपल्या अंगावर येते. डुकरांपासून पीक वाचवायला आपलेच लोक कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. त्यात बकरी मरते, बैल मरतो, शेजारच्याचं पोरगं मरतं. तेव्हा मात्र गाव म्हणते, जाऊ द्या, आपलाच माणूस आहे. लाईनवाल्याच्या तारेने मेला तर हक्क आणि भावकीच्या तारेने मेला तर नशीब, असे संघटनेला म्हणता येणार नाही. आमचे स्पष्ट मत आहे, त्या घरानेही भरपाई दिली पाहिजे, गावपंचायतीत बसून रास्त हप्ते बांधून द्यावी. पोलिसांत जायचे की नाही हे मेलेल्याच्या घरच्यांनी ठरवायचे, त्यांच्यावर दबाव आणणारा संघटनेचा असेल तर त्याला आम्ही संघटनेचा म्हणणार नाही. आणि ज्यांनी आजही तार लावली आहे त्यांनी ती काढावी.

आता जमिनीकडे येऊ. जबरानजोतीवरचे पीक तारेच्या ठिणगीने जळाले, झोपडी जळाली, बैल मेला, तर आपले लोक गप्प बसतात. आम्ही म्हणतो, पंचनामा करून घ्या. बैलाला सातबारा लागत नाही, झोपडीतल्या भांड्याकुंड्यांना लागत नाही. पिकाच्या भरपाईला साहेब अडवेल, जमीन तुमच्या नावची नाही म्हणेल. पण ज्याने नुकसान केले तो काही त्या जमिनीचा मालक नाही, कसणाऱ्याचा ताबा होता एवढे दाखवून वकिलाला भांडता येते. आणि समजा पिकाचा एक रुपयाही मिळाला नाही, तरी हातात काय राहते ते पाहा. अमुक तारखेला, अमुक जागी, अमुक माणसाची तूर उभी होती आणि ती जळाली, असा सरकारी शिक्क्याचा कागद. डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयाच्या वेळी ज्यांच्याकडे दंडाची पावती किंवा जुनी केस होती त्यांना ताबा दाखवता आला, आणि ज्यांनी भीतीने प्रत्येक कागद टाळला ते खरे कसणारे असूनही मागे राहिले. २००२ मध्ये ३० सप्टेंबर समोर होता. वनखात्याच्या भीतीने मरणसुद्धा लपवायचे, हे किती दिवस करायचे?

पोळ्याच्या आत प्रत्येक गाव समितीने आपल्या शिवारातल्या झोल खाल्लेल्या तारा, वाकलेले खांब आणि उघड्या डीप्या यांची यादी करावी. बांबूवर पंधरा फुटांची खूण करून तारेच्या बाजूला, तिच्यापासून लांब उभे राहून अंदाज घ्यावा, बांबू तारेजवळ नेऊ नये, लहान पोरांना हे काम सांगू नये. यादीच्या तीन प्रती काढाव्यात. एक तालुक्याच्या वीज कार्यालयात, एक विद्युत निरीक्षकाला टपालाने, एक समितीच्या पेटीत. मागच्या दोन वर्षांत गावात असे मरण झाले असेल तर त्या घरी जाऊन तारीख, मर्गचा नंबर आणि पोस्टमार्टमचा कागद आहे का ते विचारावे. ज्या घरांची मुदत या वर्षी संपते आहे, त्यांची नावे आधी आणावीत. वीज कार्यालयातला बाबू कागद ठेवून घेईल आणि "पोच नंतर न्या" म्हणेल. तारखेचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तिथून उठू नये.